तेल, वारा आणि मासळीची तुकडी

स्वयंपाकघरात येणारे प्रत्येक नवे उपकरण स्वतःबरोबर एक तुलनाही घेऊन येते, आणि ती तुलना कोणाशी केली आहे हे पाहिले नाही, तर त्या उपकरणाचे मोजमाप सुरुवातीलाच चुकते. फ्रेड फान डर वेइ या डच संशोधकाच्या कल्पनेतून साकारलेला आणि फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात लोकांपुढे ठेवलेला एअर फ्रायर तेलाने भरलेल्या कढईशी तुलना मांडत आला. बटाट्याच्या फोडी आणि पातळ पिठात बुडवलेला मासा भरपूर तेलात तळण्याची रीत जेथे रुळलेली आहे, तेथे ही तुलना रास्तच होती. कोकण किनाऱ्यावरच्या घरांत मात्र मासळी सहसा कढईत पोहत नाही. हळद, तिखट, मीठ आणि आगळ, म्हणजे कोकमाचा आंबट रस, लावून मुरवलेली, रव्यात किंवा तांदळाच्या पिठात घोळवलेली सुरमईची तुकडी तव्यावर थोड्या तेलात, कडेने आणखी चमचाभर तेल सोडत, दोन्ही बाजूंनी खरपूस केली जाते. म्हणून तेलाच्या मोठ्या बचतीचा दावा मराठी घरात तपासायचा असेल तर समोर कढई नव्हे, तवा ठेवला पाहिजे, आणि तवा ठेवला की ती बचत बरीच आटते.

तरीही या यंत्राला निव्वळ जाहिरातीची करामत म्हणून बाजूला सारता येत नाही, कारण उष्णता पदार्थापर्यंत कशी पोहोचते हा प्रश्न ते नव्याने विचारायला लावते. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या तेलात मासा पडताच त्याच्या पृष्ठभागावरील पाण्याची वाफ होऊ लागते. वर येणारे बुडबुडे हे त्या वाफेचेच असतात, आणि वाफ जोराने बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारसा वाव मिळत नाही. पदार्थात मुरणाऱ्या तेलाचा मोठा भाग तो बाहेर काढल्यावर, निवताना आतली वाफ आकसून पृष्ठभागावरचे तेल ओढून घेते तेव्हा मुरतो. गरम असतानाच तेल निथळून आणि टिपून घेण्याची सवय त्यामुळे शास्त्राला धरून आहे. हवेची उष्णता वाहून नेण्याची ताकद तेलापेक्षा कितीतरी कमी असते: तेवढ्याच तापमानाच्या भट्टीच्या हवेत हात क्षणभर घालता येतो, तेलात घालता येत नाही. एअर फ्रायर हा मुळात एक छोटा, बंदिस्त ओव्हन आहे. पदार्थाला बिलगून राहिलेला तुलनेने थंड व दमट हवेचा थर पंख्याच्या वेगवान झोताने सतत दूर सारणे, हीच त्याची खरी युक्ती.

माशाच्या बाबतीत ही युक्ती कसोटीला लागते. माशाच्या मांसातील जोडऊती, म्हणजे स्नायूंना एकत्र बांधणारे तंतू, थोडे आणि नाजूक असल्याने ते कमी उष्णतेतच विरघळतात. आतील तापमान ६० अंशांच्या थोडे पुढे गेले की मासा शिजलेला असतो आणि त्यानंतरचे प्रत्येक मिनिट त्याला कोरडा करत नेते. उलट, ज्या खरपूस रंगासाठी आणि वासासाठी मासा तळायचा, तो रंग प्रथिने आणि शर्करा यांच्यातील ज्या प्रक्रियेने येतो, ती वेग घेते १४० अंशांच्या आसपास. (लुई-कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार प्रक्रिया म्हणतात.) आत साठ आणि बाहेर एकशे चाळीस, या दोन मागण्या तेल झटकन पुरवते, हवेला मात्र आधी पृष्ठभाग वाळवावा लागतो, आणि तो वाळेपर्यंत पातळ फिले, म्हणजे पाठीच्या काट्यापासून सोडवलेला काटेविरहित मांसाचा सलग भाग, आतून शिजून पुढे गेलेला असतो. म्हणूनच गोठवलेला फिले पूर्ण वितळू देऊन फडक्याने कोरडा टिपणे, रवा किंवा पावाचा चुरा आधीच थोड्या तेलात चोळून किंवा परतून घेणे आणि यंत्र रिकामे असतानाच तापवून ठेवणे, या तीन गोष्टींवर निकालाचा बराचसा भाग ठरतो. बोटभर जाडीचा फिले मग २०० अंशांवर साधारण आठ-दहा मिनिटांत होतो. पातळ पिठात बुडवलेला मासा येथे साधत नाही, कारण पीठ धरण्याआधीच जाळीतून ओघळून जाते.

मसाल्याचा प्रश्न याहून अवघड आहे. हळदीचा रंग देणारे कर्क्युमिन आणि मिरचीचा तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे दोन्ही घटक पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. तव्यावरचे तेल केवळ उष्णता देत नाही, ते मसाला उलगडून तुकडीभर पसरवते. कोरड्या वाऱ्यात हेच तिखट कुठे कच्चे राहते, तर कुठे करपते. तेल मसाल्यातच कालवून मग तो माशाला लावला तर हा दोष बराच कमी होतो, पण मग वाचवलेले तेल पुन्हा मोजून पाहायला हवे. बांगडा किंवा तारली यांच्या अंगातच चरबी असल्याने हे मासे या यंत्रात विशेष खुलतात. बोंबील मात्र इतका पाणीदार की वजनाखाली दाबून पाणी काढल्याशिवाय त्याला तेथे ठेवण्यात अर्थ नाही.

फिले आणि एअर फ्रायर यांची जोडी जमली यात नवल नाही, कारण दोन्हींमागे एकच अपेक्षा आहे: जिन्नस एकसारखा असावा, काटा नसावा आणि शेजारी कोणी उभे राहावे लागू नये. व्हिएतनाममधील मेकाँग नदीच्या त्रिभुज प्रदेशातील शेततळ्यांतून गोठवून येणारा बासा हा मासा ही अपेक्षा पुरी करतो. कोळीण आडवी कापून देते त्या तुकडीत पाठीचा काटा आणि कातडी असते, त्यांच्या आधाराने मांस ओलसर राहते, आणि शेपटीकडची तुकडी पोटाकडच्या तुकडीआधी होते हे पाहायला तव्यापाशी माणूस लागतो. कामावरून उशिरा परतणाऱ्या घरात असा माणूस नसणे हा काही आळस नव्हे. तेथे बासाचा फिले आणि यंत्राची घंटा हा प्रामाणिक तोडगा आहे, फक्त त्याला सुरमईच्या तुकडीचा पर्याय म्हणू नये.

राहिला वास. समुद्री माशातील एका निर्गंध द्रव्यापासून मासा शिळा होत जाताना ट्रायमिथिलअमीन हे उग्र वासाचे संयुग तयार होते. आगळातले किंवा लिंबातले आम्ल त्याला क्षारात बांधून हवेत उडू देत नाही, म्हणून आंबट लावण्याची परंपरागत रीत वासावरचा पहिला आणि स्वस्त उपाय ठरते. एअर फ्रायर तळणाचा धूर आणि शिंतोडे नक्कीच रोखतो, आणि धुराचा इशारा देणारी घंटा छताला असलेल्या परदेशातील मराठी घरांत याचे मोल मोठे आहे. पण त्याचा पंखा आतली हवा बाहेरही सोडतो, त्यामुळे वास नाहीसा होत नाही. मुंबईतील काही इमारतींत मांसाहारी कुटुंबांना घर नाकारले जाते आणि त्यासाठी वासाचे कारण पुढे केले जाते. अशा वेळी बिनवासाचे यंत्र घ्या असा सल्ला देणे म्हणजे नाकारणाऱ्याची बाजू मान्य करणे होय. हा प्रश्न सोसायटीच्या सभेत आणि गरज पडल्यास कायद्याच्या आधाराने सोडवायचा आहे, स्वयंपाकघरातल्या पंख्यावर तो सोपवू नये.