दगडाची माती कधी होते?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥

गुरुबंधू-भगिनींनो, मागच्या गुरुवारी कंग्राळीच्या शिवारातून सेवेला जाताना आम्ही बांधावर थोडं टेकलो होतो. आपल्या बेळगाव भागातला काळा दगड म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. दिवसा तापतो, रात्री गारठतो, भेगा पडतात. भेगेत पिंपळाचं मूळ शिरलं की तुकडे होतात. पण तुकडे झाले तरी दगड तो दगडच की हो! मग पाऊस येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते पाणी किंचित आंबट झालेलं असतं. ते आत मुरतं, क्षार वाहून नेतं, दगडातल्या लोहाला गंज चढतो, आणि तांबडी माती होते. तेव्हा कुठे बी रुजतं.

आमचंही तसंच. दुःखाचे घाव बसले, मोडलो, पण मन दगडच. बांधाच्या वादावरून धाकट्या जावेशी दोन वर्षं अबोला; रोजची माळ मात्र चुकली नाही! नाम ओठांवरच होतं, आत मुरलंच नव्हतं. त्या रात्री आम्ही फोन केला. ती रडली, आम्हीही रडलो.

तुमच्या घरात कुणाशी अबोला असेल, तर आज एक फोन कराच.

॥ सद्गुरुचरणी अर्पण ॥ 🙏