पुन्हा न भेटणारे सोबती

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या कोणालाही अनोळखी लोकांच्या ग्रुपबद्दल विचारा, तक्रारी संपत नाहीत. टँक, म्हणजे शत्रूचे वार अंगावर झेलणारा, कोणासाठी न थांबता धावत सुटतो. सोबत्यांच्या जखमा भरून काढणारा हीलर 'जरा थांबा, माना (जादूची शक्ती) संपलाय' असं लिहितो, ते कोणी वाचत नाही. पहिल्यांदाच आलेल्याला वाट दाखवायची सोडून मतदान करून बाहेर काढतात. आणि एकदा सगळे मेले की टँक शब्दही न बोलता निघून जातो. उरलेले चौघे दुसऱ्या टँकची वाट बघत बसतात. यावर खेळाडूंचा निष्कर्ष ठरलेला असतो : लोकच वाईट. मला तो पटत नाही. ही माणसं आधीही तीच होती.

२००४ साली हा गेम आला तेव्हा 'डेडमाइन्स' नावाच्या गुहेत मोहिमेला जायचं तर चॅटवर हाका घालून एकेक माणूस गोळा करावा लागे. मग वेस्टफॉलची शेतं तुडवत सगळ्यांनी मूनब्रुक गावापर्यंत चालत यायचं. यात तासभर सहज जाई, पण त्या तासात बोलणं होई. शिवाय सगळे एकाच सर्व्हरवरचे. एखाद्याने दुसऱ्याच्या वाट्याची लूट लाटली, तर त्याचं नाव गावभर होई आणि पुढच्या मोहिमेला त्याला कोणी बरोबर घेत नसे. चांगल्या हीलरचं नावही तसंच लक्षात राही.

डिसेंबर २००९ मध्ये 'डंजन फाइंडर' आला. बटण दाबून रांगेत लागायचं; एक टँक, एक हीलर आणि शत्रूवर वार करणारे तिघे वेगवेगळ्या सर्व्हरवरून जुळवले जातात आणि थेट गुहेत जाऊन पडतात. काम संपलं की पांगतात. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला मित्रयादीत घालायची सोयदेखील तेव्हा नव्हती. रॉबर्ट ॲक्सेलरॉड या राज्यशास्त्रज्ञाने १९८४ सालच्या पुस्तकात दाखवलं होतं, की पुन्हा गाठ पडण्याची शक्यता मोठी असेल तर स्वार्थी माणसंही एकमेकांना सांभाळून घेतात. डंजन फाइंडरने नेमकी तीच शक्यता काढून घेतली. उद्या जो भेटणारच नाही, त्याच्यासाठी आज अर्धा मिनिट थांबण्याचं कारण उरलं नाही. सोडून जाणाऱ्याला काही वेळ रांगेत उभं राहता येत नाही, एवढी शिक्षा आहे; पण नवख्याला समजावून सांगणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही.

तरीही ही सोय काढून टाका, असं मी म्हणणार नाही. दिवसभर राबून, मुलं झोपल्यावर ज्याला जेमतेम तासभर मिळतो, त्याने तो माणसं गोळा करण्यात का घालवावा? २०२२ साली या गेमची जुनी 'रॅथ' आवृत्ती पुन्हा आणताना कंपनीने खेळाडूंमधले संबंध टिकावेत म्हणून डंजन फाइंडर मुद्दाम वगळला. खेळाडू नाराज झाले आणि पुढच्या वर्षी तो द्यावा लागला. सगळ्यांना वेळ वाचवायचाच आहे, त्यात गैर काही नाही.

'फायनल फँटसी १४'ने हा प्रश्न जास्त समजून घेतला आहे, असं मला वाटतं. तिथेही अनोळखी माणसंच जुळवली जातात. पण ग्रुपमध्ये कोणी पहिल्यांदा आलं असेल, तर गेम ते सर्वांना सांगतो आणि मोहीम पूर्ण झाल्यावर सगळ्यांनाच जादा बक्षीस देतो. त्यामुळे नवखा अडचण ठरत नाही, तो आल्याने फायदाच होतो. शेवटी प्रत्येकाला एका सोबत्याची वाखाणणी करता येते आणि ती त्याच्या खात्यावर जमत राहते. खेळाडू तेवढेच घाईत असतात, पण हीलरसाठी थांबणं तिथे कोणाच्या तरी हिशेबात धरलं जातं.

मला याच्याही पुढचं एक पाऊल हवं आहे. मोहीम नीट पार पडली, तर 'यांच्याबरोबर पुन्हा खेळाल का?' एवढंच गेमने प्रत्येकाला विचारावं. दोघांनीही हो म्हटलं, तर पुढच्या वेळी रांगेत असताना आधी त्यांची जोडी जुळवावी, मगच नवा अनोळखी शोधावा. त्यात रांग दोन मिनिटांनी लांबली, तर मी ती आनंदाने सोसेन.