जखम खरी, पण अपराधी कोण?



11 जुलै 2006 ची संध्याकाळ आपण विसरलेलो नाही. पश्चिम रेल्वेच्या सात लोकलगाड्यांत अवघ्या 11 मिनिटांत स्फोट झाले. 180 हून अधिक माणसे गेली, शेकडो जखमी झाली. चर्चगेटहून घरी परतणारी ती आपल्याच मार्गावरची माणसे होती. अशा प्रसंगातून वाचलेल्याच्या शरीराची जखम भरते, पण मोठा आवाज झाला की मन वर्षानुवर्षे दचकत राहते.

2015 साली विशेष न्यायालयाने 12 जणांना दोषी ठरवले, पैकी पाच जणांना फाशी सुनावली. एक जण पुढे तुरुंगातच वारला. 21 जुलै 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते आणि कबुलीजबाब विश्वासार्ह नव्हते, असे न्यायालयाला आढळले. राज्य सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली.

मग जखमींनी काय समजायचे? आरोपीविषयी शंका घेणे म्हणजे त्यांच्या दुःखाशी प्रतारणा, असे आपल्याला वाटते. परंतु ‘ही जखम खरी आहे’ आणि ‘ती ह्याने केली’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिल्याला पुरावा मागणे क्रूरपणा होईल. दुसऱ्याला पुरावा न मागणे अन्याय होईल. चुकीचा माणूस तुरुंगात असेल, तर खरा अपराधी मोकळा राहतो आणि जखमीचीही फसवणूक होते.

दानिएलच्या ग्रंथातील सुझान्ना आठवा. दोन वडीलधाऱ्यांच्या शब्दावर लोक तिला ठार मारायला निघाले होते. दानिएलने दोघांना वेगळे करून विचारले, ‘कोणत्या झाडाखाली पाहिले?’ त्या एका प्रश्नाने तिचे प्राण वाचले. तिथे आरोपी आणि पीडित एकच होती.

तरीही हे बोलणे आपल्याला सोपे आहे. ज्याने 19 वर्षे एका उत्तराच्या आधारावर काढली, त्याचा आधारच निकालाने हलतो. म्हणून पुरावा मागणाऱ्या आपल्यावर त्याच्यासोबत राहण्याचीही जबाबदारी येते. खटला संपला तरी ती संपत नाही.

पुनरुत्थित प्रभूने शंका घेणाऱ्या थोमाला दूर लोटले नाही आणि आपल्या जखमाही झाकल्या नाहीत. आजच्या मिस्सामध्ये आपण जखमींसाठी प्रार्थना करू, आणि निर्दोष असूनही तुरुंगात खितपत पडलेल्यांसाठीही. घरी जाताना अशा एखाद्या कुटुंबाचे दार ठोठावू.