पडायची मुभा

निवडणुकांचा हंगाम आला की आपल्याकडे घराणेशाहीवर परिसंवाद भरतात. त्यात घराणेशाहीवर तुटून पडणाऱ्या निम्म्या वक्त्यांच्या घरी चिरंजिवांची सोय आधीच लागलेली असते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती या परिसंवादांतून हमखास ऐकू येणाऱ्या एका वाक्याबद्दल. परवा ते एका विद्वान समीक्षकांनी उच्चारलं, टाळ्या घेतल्या आणि खाली बसले. म्हणाले, राजकारणात, सिनेमात, गाण्यात बापाचं नाव चालतं. आखाड्यात चालत नाही, कारण माती आडनाव विचारत नाही.

वाक्य गोंडस आहे. तालमीचा उंबरा कधी न ओलांडलेल्या माणसालाच मातीविषयी एवढी खात्री असू शकते. पोरगं तालमीत आणून सोडलं की वस्ताद त्याच्या दंडाकडे नंतर बघतो, आधी ‘कुणाचा रे तू?’ असं विचारतो. हेलसिंकीला १९५२ साली स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव हे गोळेश्वरच्या दादासाहेब पैलवानांचेच चिरंजीव. म्हणून खाशाबांचं कर्तृत्व रतीभरही कमी होत नाही. पण मातीला आडनाव ठाऊकच नसतं, हे काही खरं नाही.

तरीही समीक्षकांचा मुद्दा खाशाबांवर तपासणं गैरसोयीचं आहे. तिथं लढत खरी, निकाल खरा. बापानं काय दिलं आणि पोरानं काय कमावलं याची फोड होत नाही. फोड करायची तर अशा आखाड्यात जावं लागेल, जिथं निकाल लढतीआधीच कचेरीत ठरतो आणि त्या कचेरीच्या खुर्चीत बापच बसलेला असतो. असा आखाडा आहे. नव्वदच्या दशकात वाढलेल्या मराठी पोरांनी शाळेच्या मधल्या सुट्टीत त्याचे पत्ते पिसलेत. डब्ल्यूडब्ल्यूएफ, टीव्हीवरची अमेरिकी कुस्ती! त्या पत्त्यांत गुलाबी-काळ्या पोशाखातला एक ओल्या केसांचा माणूस असायचा, ब्रेट ‘हिटमॅन’ हार्ट. पुढच्या रांगेतल्या एखाद्या पोराच्या डोळ्यांवर स्वतःचा गॉगल चढवून तो रिंगमध्ये शिरायचा. त्याच्या कारकिर्दीची पहिली चौदा वर्षं हा माझा पुरावा.

‘पण ते सगळं खोटं असतं!’ असं इथं कुणीतरी म्हणणार. फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थनं १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये या आक्षेपाचा निकाल लावून ठेवला आहे. त्याच्या मते हा खेळ नव्हे, प्रयोग आहे. पैलवानाचं काम जिंकणं नसून, जे घडावं असं प्रेक्षकाला वाटतं ते डोळ्यांसमोर घडवणं हे आहे. बार्थवर आपल्याकडे पुरेसे प्रबंध झालेत, म्हणून पुढे जातो.

ब्रेटचा बाप स्टू हार्ट. अल्बर्टाच्या माळावर लहानपणी तंबूत दिवस काढलेला, कॅनडाचा हौशी कुस्तीतला विजेता. १९४८ साली त्यानं एडमंटनमध्ये कुस्तीच्या प्रयोगांचा धंदा सुरू केला, पुढे कॅल्गरीला एक प्रशस्त घर घेतलं. मुलं बारा. आठ मुलगे या ना त्या वाटेनं कुस्तीच्या धंद्यात आले आणि चारही मुलींनी पैलवानांशी लग्नं केली. घराच्या तळघरात गाद्या अंथरलेल्या. त्या खोलीचं नाव ‘डन्जन’. शिकायला आलेल्या दांडगटांना स्टू तिथं पकडीत घेऊन पिळायचा आणि त्यांच्या किंकाळ्या वरच्या मजल्यावर ऐकू यायच्या. एक कुस्ती खेळणारं अस्वलही काही काळ या घराच्या आश्रयाला होतं. ब्रेट बारा भावंडांतला आठवा.

त्याला व्हायचं होतं सिनेमा दिग्दर्शक. त्या दिशेचं शिक्षणही त्यानं सुरू केलं होतं, ते अर्धवट सुटलं. शाळा-कॉलेजात तो हौशी कुस्ती खेळला होता, म्हणून बापाच्या ‘स्टॅम्पीड रेसलिंग’मध्ये आधी पंच म्हणून उभा राहिला. मग १९७८मध्ये, एकविसाव्या वर्षी, स्वतः लढू लागला. पकडी त्याला बापानं शिकवल्या, पण पडायला शिकवलं हितो आणि साकुरादा या दोन जपानी पैलवानांनी. या धंद्यात शिक्षणाची सुरुवातच पडण्यापासून होते. पाठ सपाट, हनुवटी छातीला, हात एकाच वेळी जमिनीवर, म्हणजे धक्का एका जागी न बसता अंगभर वाटला जातो. प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटणं त्यानंतर. इजा न होता ज्याला पडता येत नाही त्याला आपटायलाही देत नाहीत, कारण आपटणाऱ्याच्या हातात दुसऱ्याची मान असते.

नंतरची वर्षं बर्फाळ हमरस्त्यांची. कॅल्गरी, एडमंटन, सास्काटून, रिजायना असा फेरा, गाडीत कोंबलेले पैलवान. मधल्या काळात प्वेर्तो रिको आणि जपानच्याही वाऱ्या झाल्या. इंग्लंडहून आलेल्या डायनामाइट किड नावाच्या बुटक्या, तापट माणसाशी ब्रेट रात्रीमागून रात्री लढला आणि त्या लढतींतून घडला. मग १९८४ साली स्टूनं आपला धंदा व्हिन्स मॅकमेहनच्या डब्ल्यूडब्ल्यूएफला विकायचा करार केला आणि ब्रेट त्या बड्या कंपनीत गेला. तिथं हार्ट हे आडनाव म्हणजे परप्रांतातल्या एका मावळत्या प्रमोटरचं आडनाव, बस्स. कंपनीनं त्याला गुराख्याची टोपी घालायला सांगितलं. त्यानं नकार दिला आणि मेहुणा जिम नाइडहार्ट याच्यासोबत जोडी मागितली. जोडीचा पट्टा १९८७मध्ये आला. एकट्याचा पहिला मोठा पट्टा १९९१च्या ऑगस्टमध्ये, कर्ट हेनिग ऊर्फ मिस्टर परफेक्टला हरवून, आणि हा कर्टही लॅरी हेनिग या पैलवानाचाच मुलगा. जागतिक पट्टा १२ ऑक्टोबर १९९२ला, सास्काटूनमध्ये, रिक फ्लेअरकडून. तेव्हा ब्रेट पस्तिशीत होता.

आता दुसरा पोरगा पाहा. त्याच १९९२ साली डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा कारभार बिल वॉट्स यांच्या हाती आला आणि त्यांचा मुलगा एरिक थेट दूरचित्रवाणीवरच्या लढतींत अवतरला. उंचापुरा, देखणा आणि कच्चा. निकाल बापाच्या कचेरीत ठरत असल्यानं मुरलेल्या पैलवानांवर तो विजय मिळवू लागला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बापाची खुर्ची गेली आणि मुलाचा भावही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर समीक्षकांचं वाक्य उलटं करून खरं ठरतं. जिथं निकाल विकत मिळतो तिथंसुद्धा प्रेक्षकाची हाळी विकत मिळत नाही. बाप मुलाला पट्टा देऊ शकतो, टाळी देऊ शकत नाही. घराणेशाहीची भीती बाळगायचं मग कारण काय? प्रेक्षक, मतदार, श्रोता समर्थ आहेच की!

इथं थांबलो असतो तर लेख सुबक झाला असता, आणि समीक्षकांसारख्याच टाळ्या मलाही मिळाल्या असत्या. पण वाटेत बर्नार्ड विल्यम्स उभा आहे आणि त्याला ओलांडून जाता येत नाही.

विल्यम्स हा इंग्रज तत्त्वज्ञ. समतेच्या कल्पनेवर त्यानं १९६२ साली एक निबंध लिहिला. माझ्या मते संधीच्या समानतेवर त्यानंतर जे लिहिलं गेलं त्यातलं बरंचसं त्या निबंधावरचं भाष्य आहे. त्यानं एक समाज कल्पिला. त्यात योद्ध्यांना सर्वांत मोठा मान, आणि योद्धा व्हायला अंगात प्रचंड ताकद लागते. आधी फक्त श्रीमंत घराण्यांतूनच योद्धे घेतले जात. सुधारकांनी नियम बदलला: आता खुली स्पर्धा, कोणीही यावं, ताकद दाखवावी. झालं काय? योद्धे जवळपास सगळे त्याच घराण्यांतून येत राहिले, कारण बाकीची प्रजा अर्धपोटी होती. नियमानं कुणाला अडवलं नाही, भुकेनं अडवलं. सुधारक म्हणतात, दार उघडं आहे. विल्यम्स विचारतो, दारापर्यंत चालत येण्याचं बळ कुणाच्या पायांत आहे?

विल्यम्सनं उदाहरण काल्पनिक घेतलं ते त्याला कोल्हापूर ठाऊक नव्हतं म्हणून. राजर्षी शाहू महाराजांनी हा प्रश्न पन्नास-साठ वर्षं आधी ओळखला होता आणि त्याला उत्तरही दिलं होतं. त्यांनी १९०२ साली नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागास वर्गांसाठी राखल्या, हे आपण पाठ म्हणतो. पण त्याच राजानं १९१२ साली खासबागेचं मैदान उभं केलं आणि तालमींना, पैलवानांना आश्रय दिला, ते आपण राजाचा शौक म्हणून वेगळ्या खात्यात टाकतो. मला दोन्ही एकाच विचाराची कामं वाटतात. जागा राखली तरी त्या जागेपर्यंत येणारं अंग घडवावं लागतं, आणि अंग दूध-तूप-बदामानं घडतं. खुराक बांधून देणं म्हणजे विल्यम्सच्या सुधारकांना सुचली नाही ती गोष्ट करणं. आपल्या विद्यापीठांत संधीच्या समानतेवर बोलताना तत्त्वज्ञ जॉन रॉल्सचं नाव दहा वेळा निघतं. खुराक हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही.

हे सगळं ब्रेटला लागू करून पाहिलं की त्याच्या चौदा वर्षांचा अर्थ बदलतो. टाळी त्यानं स्वतः मिळवली हे खरंच. पण ती मिळेपर्यंत चौदा वर्षं तो उभा कशाच्या जोरावर राहिला? इथं विल्यम्सही मला अपुरा वाटतो. त्याची स्पर्धा एकदाच होते. ज्याच्या अंगात ताकद तो योद्धा, विषय संपला. खऱ्या कारकिर्दीत स्पर्धा रोज असते आणि सुरुवातीची बरीच वर्षं माणूस हरतच असतो. बापाच्या धंद्यात पंच म्हणून चुकता येतं, रटाळ लढत करता येते. लोकांनी तोंड फिरवलं तरी पुढच्या शुक्रवारी फलकावर नाव असतंच. बड्या कंपनीला नकार देताना जोडीला घ्यायचा माणूस घरातलाच निघतो. वारसदाराला यश आयतं मिळत नाही, हे एरिक वॉट्सनं सिद्ध केलं. वारसदाराला पुन्हा पुन्हा पडायची मुभा मिळते, आणि कौशल्य तर तिच्यातूनच येतं. एरिकच्या बापाचा गुन्हा पोराला संधी दिली हा नव्हे. पोराला पडू दिलं नाही, हा.

याची उलट बाजू बिल गोल्डबर्ग. हा कुणाचा वारस नव्हे. अमेरिकन फुटबॉल व्यावसायिक पातळीवर खेळलेला, जखमी होऊन कुस्तीकडे वळलेला, थोड्या तयारीवर १९९७च्या सप्टेंबरमध्ये रिंगमध्ये आलेला. लोकांना तो बेहद्द आवडला. मग त्याच्या कंपनीनं, डब्ल्यूसीडब्ल्यूनं, ठरवलं की हा हरणारच नाही. सलग १७३ विजयांचा आकडा मिरवला गेला. ज्याला पडूच दिलं नाही तो कुठून शिकणार? पुढे ब्रेटही त्याच कंपनीत आला. १९ डिसेंबर १९९९ला वॉशिंग्टनमध्ये त्याची एक लाथ ब्रेटच्या डोक्यात बसली, मेंदूला मार लागला आणि ब्रेटची कारकीर्द त्यातून सावरली नाही. आपल्या हातून कुणा प्रतिस्पर्ध्याला गंभीर इजा झाली नाही, याचा ब्रेटला आयुष्यभर अभिमान. त्याला संपवलं ते शिकायच्या काळात हरायची संधी न मिळालेल्या माणसानं. गोल्डबर्गला दोष देणं सोपं आहे. मी तो त्याला घाईघाईनं देव करणाऱ्यांना देतो.

वारशाची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर हे वारसदारांचं वकीलपत्र होईल. टेक्ससचा जॅक अ‍ॅडकिसन यानं रिंगमध्ये जर्मन खलनायकाचं सोंग घेतलं, नाव लावलं फ्रिट्झ फॉन एरिक. सोंगाचं आडनाव मुलांनाही चिकटलं आणि सहापैकी पाच मुलगे रिंगमध्ये उतरले. डेव्हिड १९८४मध्ये जपानच्या दौऱ्यात गेला. माइक १९८७मध्ये, ख्रिस १९९१मध्ये, केरी १९९३मध्ये, तिघांनीही स्वतःच्या हातानं जीवन संपवलं. उरला एकटा केव्हिन. खोटं आडनाव, खरी मरणं. हार्टांच्या घरातला धाकटा ओवेन २३ मे १९९९ला कॅन्सस सिटीत छतावरून दोरीनं उतरण्याच्या एका थिल्लर करामतीत खाली कोसळून मेला; वय ३४. कोसळल्यावर उभं करणारा बाप असणं हा वारसा. पण पोरगा धंदा सोडायचं म्हणू लागला तर त्याला जाऊ न देणाराही बहुधा तोच बाप असतो.

तेव्हा माती आडनाव विचारत नाही, हे वाक्य मी समीक्षकांना साभार परत करतो. माती आडनाव विचारत नसेल. पण पडल्यावर पुन्हा मातीत उतरण्याइतके दिवस कोण काढू शकतो, ते आडनाव बरेचदा ठरवतं. केंद्रीय लोकसेवा आयोगाला हे अर्धं कळलेलं दिसतं. तिथं खुल्या प्रवर्गाला सहा संधी, इतर मागासवर्गीयांना नऊ आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना वयोमर्यादेपर्यंत हव्या तितक्या. म्हणजे अपयशाची मुभा वाटण्याजोगी गोष्ट आहे हे सरकारला मान्य आहे. मात्र ती कागदावर वाटून भागत नाही. पुण्यात पेठेतल्या खोलीचं भाडं, अभ्यासिकेची फी, खानावळीचं बिल सहाव्या वर्षीही भरावं लागतं, आणि ते भरणारा बाप प्रत्येकाला नसतो. जमीन गहाण पडते, बहिणीचं लग्न लांबतं आणि पोरगा तिसऱ्या संधीनंतर गावी परततो. तो कमी हुशार होता असं मग आपण म्हणतो.

वारसदारांना हाकला, ही मागणी मला पोरकट वाटते. ब्रेट हार्टला हाकलून कुणाचं भलं झालं असतं? मागणी करायची तर खुराकाची करा, आणि पडल्यानंतरच्या खुराकाची करा. नापास झाला म्हणून शिष्यवृत्ती थांबवू नका. पहिल्या पिढीच्या लेखकाचं पहिलं पुस्तक फसलं तर दुसरं छापा, पहिल्या पिढीच्या उमेदवाराला पराभवानंतरही तिकीट द्या. पुढच्या परिसंवादात एखादा चिरंजीव ‘मी माझ्या बळावर आलो’ असं सांगू लागला तर त्याला खोटं पाडू नका. किती वेळा पडलात आणि तेव्हा घरभाडं कोण भरत होतं, एवढंच विचारा.