डबेवाल्यांचा मुकादम

मुळशीकडचा एक पोरगा अठराव्या वर्षी मुंबईला आला आणि अंधेरीच्या एका गटात डबे उचलू लागला. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेला हा धंदा. मावळ, मुळशी, खेड, जुन्नरची माणसं त्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तेव्हा भावकीतल्या कुणीतरी त्याला चिकटवला यात नवल नव्हतं. पोराची नजर मात्र विलक्षण. झाकणावर रंगानं काढलेली अक्षरं आणि आकडे, म्हणजे उतरायचं स्टेशन, इमारत, मजला, त्याला बघताक्षणी कळत. बाकीचे झाकण उजेडाकडे वळवेपर्यंत याचे डबे लावून झालेले असत. पुढं काही वर्षांनी जुना मुकादम थकून गावी गेला, तसं गटानं यालाच मुकादम केलं.

सगळ्यात हुशार म्हणून आपल्याला केलं, असं त्याला वाटलं आणि तो तसाच वागू लागला. स्टेशनाबाहेर डबे उतरले की प्रत्येक डबा स्वतः बघायचा, दुसऱ्यानं लावलेला पुन्हा लावायचा, चुकला त्याला चारचौघांत झापायचा. हळूहळू माणसं डबा हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत उभी राहू लागली.

एका पावसाळ्यात तो तापानं फणफणला. त्या दिवशी चर्चगेटचे डबे ग्रँट रोडला उतरले. कामावर आल्यावर त्यानं सगळ्यांना फैलावर घेतलं. चैत्रात गावच्या जत्रेसाठी डबे बंद असतात, तेव्हा तो जुन्या मुकादमाच्या ओसरीवर जाऊन बसला.

"बाबा, पोरं कामचुकार झाल्यात."

"कामचुकार न्हाईत. तू काम त्यांच्या हातनं काढून घेतलंस. आता हात रिकामे दिसत्यात, म्हणून वरडतोस व्हय?"

हे त्याला पटलं, पण जरा जास्तच पटलं. मुंबईला आल्यावर त्यानं सांगून टाकलं, "आता तुमचं तुम्ही बघा." डबे चुकायचे कमी झाले, हे खरं. पण लिफ्ट नसलेल्या इमारती कुणी घ्यायच्या, यावरून दोघांची जुंपली आणि मुकादम गप्प राहिला. दोन महिन्यांत गट फुटायची वेळ आली.

बाहेरच्यांना यातली अडचण कळायची नाही. इथं नोकर कुणीच नसतो. सगळे वाटेकरी, आणि महिन्याच्या पैशांत मुकादमाचा वाटाही इतरांएवढाच. कुणाला मनाला येईल तसं काढता येत नाही, कुणाचा पगार वाढवता येत नाही. टोपी घातली नाही, दारू पिऊन आला, तर दंड घेता येतो. मन लावलं नाही म्हणून दंड घेता येत नाही. व्यवस्थापन शिकवणाऱ्या कॉलेजांतली मंडळी डबेवाल्यांकडे येऊन किती डबे चुकतात ते विचारतात. माझ्या मते त्यांनी विचारायला हवं ते हे, की असे अधिकार नसलेला माणूस मुकादमी करतो कशी.

यानं केली ती अशी. भांडणातल्या एकाच्या लाइनीवर तो आठवडाभर स्वतः गेला, मग दुसऱ्याच्या. जिने मोजले. पहिल्याचं गाऱ्हाणं खरं होतं. त्यानं इमारती नव्यानं वाटल्या, त्यातल्या दोन अवघड स्वतःकडे घेतल्या आणि निर्णय सगळ्यांसमोर सांगितला. चुकलेल्याशी मात्र तो आता परतीच्या गाडीत, लगेजच्या डब्यात, एकट्याशी बोलू लागला. नवा पोरगा आला की त्याला जुन्याच्या जोडीला देई आणि त्यानं लावलेले डबे लांबून बघे. हात शिवशिवत, तो ते खिशात घाली. हे सगळं अंगवळणी पडायला कित्येक वर्षं गेली.

गावी परतायची त्याची वेळ आली, तेव्हा पुढचा मुकादम कोण, असं गटानं त्यालाच विचारलं. सगळ्यात तरबेज नजरेच्या गड्याचं नाव तो घेईल, असं बहुतेकांना वाटत होतं. त्यानं सुचवला तो, ज्याला झाकण कधीकधी दोनदा वाचावं लागे, पण आपली चूक झाली की माणसं आपणहून ज्याला सांगायला जात. थोडी कुरकुर झाली, मग गटानं मानलं.

तो गेल्यावरच्या सोमवारी डबे वेळेवर पोचले. त्याला फोन करून काही विचारावं, असं कुणाला सुचलंही नाही.