बहुमत, सर्वसहमती आणि फेटाळलेली उपसूचना

मते मोजून मंजूर झालेला ठराव सर्वांवर बंधनकारक असतो. पण तो बरोबरही असतो का, आणि ज्यांनी विरोधात मत दिले त्यांनी तो कोणत्या नात्याने पाळायचा, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच धर्मविचाराचाही आहे. सत्य हे संख्येवर अवलंबून नसते, असे बहुतेक सर्व धर्मपरंपरा मानतात. समिती किंवा सभागृह मात्र संख्येशिवाय चालत नाही. या दोहोंमधले अंतर भरून काढण्यासाठी सभाशास्त्राने जे नियम तयार केले, त्यांत उपसूचनेचा, म्हणजे मूळ प्रस्तावात दुरुस्ती सुचवण्याचा, नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रस्तावाला नुसता नकार देणारी उपसूचना ग्राह्य धरली जात नाही. नकारच द्यायचा असेल तर विरोधात मत देण्याची वाट मोकळी असते. उपसूचना देणाऱ्याने मूळ मजकुरात काय घालायचे, काय गाळायचे, हे शब्दांत सांगावे लागते. आधी उपसूचनेवर मत घेतले जाते, मग मूळ प्रस्तावावर. त्यामुळे आपण अल्पमतात आहोत हे ठाऊक असलेल्या सदस्यालाही सभागृहाला आपल्या शब्दांवर विचार करायला लावता येतो.

वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीचा या चर्चेशी जवळचा संबंध आहे. विनोबा भावे १९३२च्या अखेरीस नालवाडीला राहायला आले. १९३४ मध्ये तेथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले. पुढे १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले. मतमोजणीने निर्णय घेण्याबद्दल विनोबांची भूमिका ठाम होती. 'पाचांमुखी परमेश्वर' या म्हणीचा अर्थ ते शब्दशः घेत. पाच जण एकमताने बोलले तर त्या बोलण्यात परमेश्वर. तीन एका बाजूला आणि दोन दुसऱ्या बाजूला असले तर त्याला ती प्रतिष्ठा नाही. 'स्वराज्यशास्त्र' या पुस्तकात त्यांनी एकाची सत्ता, अनेकांची सत्ता आणि सर्वांची सत्ता असा भेद केला. बहुमताचे राज्य या विभागणीत सर्वांची सत्ता ठरत नाही. यामागची धारणा अद्वैताची आहे: सर्वांमध्ये एकच आत्मतत्त्व असेल, तर दोघांना बाजूला सारून घेतलेला निर्णय अपुऱ्या विचारातून आलेला असणार. उरलेल्या दोघांपर्यंत विचार पोचला नाही, किंवा त्यांच्याकडे असलेला सत्याचा अंश इतर तिघांनी ऐकला नाही. दोन्ही स्थितींत उपाय एकच: थांबणे आणि पुन्हा बोलणे.

ही भूमिका उदात्त आहे, आणि तिच्यात एक धोकाही आहे. एकमत होईपर्यंत थांबायचे ठरले की सर्वांच्या नजरा मतभेद असलेल्या एकट्या माणसाकडे वळतात. मतदानात हरलेला माणूस आपले मत राखून घरी जाऊ शकतो. सर्वसहमतीच्या बैठकीत त्याला मत बदलावे तरी लागते किंवा सर्वांची वाट अडवल्याचा दोष तरी घ्यावा लागतो. गावात जात, जमीन आणि उधारी यांचे ताण असतात; तेथे गप्प बसणे म्हणजे संमती असे धरले, तर सर्वांत दुबळ्याचे गप्प बसणे सर्वांत आधी गृहीत धरले जाते.

हा पेच बौद्ध भिक्षुसंघाने फार पूर्वी ओळखला होता. विनयपिटकात प्रस्ताव मांडण्याची रीत ठरलेली आहे: आधी प्रस्तावाची रीतसर घोषणा, मग कामाच्या महत्त्वानुसार एकदा किंवा तीनदा विचारणा. ज्यांना मान्य असेल त्यांनी मौन राहावे, नसेल त्यांनी बोलावे. म्हणजे मौनाला संमती मानले जाई, पण ती रीतसर विचारल्यानंतर, आणि महत्त्वाच्या कामांत तीनदा विचारल्यानंतर. वाद मिटलाच नाही तर शलाका, म्हणजे मत दर्शवणाऱ्या काड्या, वाटून मते घेण्याची सोय होती. शलाका उघडपणे, कानात सांगून किंवा गुप्तपणे घेता येत. यातली एक तरतूद आजच्या वाचकाला चकित करते: शलाका मोजल्यावर अधर्माच्या बाजूला जास्त मते पडल्याचे दिसले, तर शलाका वाटणाऱ्याने ते मतदान रद्द समजावे. म्हणजे संघाने मतमोजणी स्वीकारली, पण ती धर्माच्या अधीन ठेवली. यातून नवी अडचण उभी राहते. अधर्म कोणता हे ठरवणार कोण? शलाका वाटणारा पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांपासून मुक्त असला पाहिजे, अशी अट विनयाने घातली. पण ती अट माणसाच्या चारित्र्यावर भार टाकते, आणि आधुनिक सभागृह नेमके तेच टाळू पाहते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या परंपरेचा उल्लेख केला. प्रस्ताव, गणपूर्ती, पक्षादेश, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे भिक्षुसंघाला माहीत होते, ही पद्धत या देशाने एकदा गमावली आहे, आणि ती पुन्हा गमावू नये, असा त्या भाषणाचा रोख होता. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची आहे. पक्षशिस्त झुगारून उपसूचना मांडणाऱ्या सदस्यांचे त्यांनी नाव घेऊन आभार मानले. त्यांत अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख होते आणि हरि विष्णु कामत होते. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, म्हणून त्यांचे मूल्य कमी होत नाही, असे त्यांनी सांगितले. मसुद्यावर ७,६३५ उपसूचना आल्या होत्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

यातली एक उपसूचना थेट धर्माची होती. कामत हे वर्धा ज्या प्रांतात होते त्याच मध्य प्रांत व वऱ्हाडाचे प्रतिनिधी. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी त्यांनी उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' व्हावी अशी उपसूचना मांडली. आक्षेप आले ते नास्तिकांकडूनच नव्हे. हृदयनाथ कुंझरू यांचे म्हणणे असे की, श्रद्धेचे स्वातंत्र्य देणाऱ्या उद्देशिकेत सर्वांच्या वतीने ईश्वराचे नाव घालणे हे त्या स्वातंत्र्याशी विसंगत आहे. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनंती केली की, ईश्वरावर मत देण्याच्या अवघड प्रसंगात सभागृहाला टाकू नये. कामतांनी उपसूचना मागे घेतली नाही. मतविभागणी झाली: बाजूने ४१, विरोधात ६८.

या निकालाने काय ठरले, हे नीट पाहिले पाहिजे. ईश्वर आहे की नाही, हे ठरले नाही. ते ठरवण्याचा अधिकार सभागृहाला नव्हताच. एका नागरिकाची श्रद्धा दुसऱ्याच्या तोंडी घालता येणार नाही, एवढेच ठरले. हेच तत्त्व संविधानातल्या शपथेत दुसऱ्या रूपाने आले: ईश्वरसाक्ष शपथ घ्यावी किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करावी, दोन्हींची मुभा आहे. उपसूचना मांडली गेली, तिच्यावर बोलले गेले आणि मतांची संख्या नोंदली गेली, म्हणून हा भेद आज वाचता येतो. पूर्णिमा बॅनर्जींची विनंती समजण्यासारखी आहे. तरीही कामतांचा आग्रह योग्य होता, कारण आडून मिटवलेला वाद पुढच्या पिढीला मिळत नाही.

पराभूत बाजूचा असाच सन्मान गांधीजींनी केला होता. इंग्रजांनी सत्ता सोडावी, असा ठराव काँग्रेस कार्यकारिणीने १४ जुलै १९४२ रोजी वर्ध्यातच केला. ८ ऑगस्टला मुंबईच्या गवालिया टँकवर अखिल भारतीय काँग्रेस समितीने 'भारत छोडो'चा ठराव मंजूर केल्यावर गांधीजी बोलायला उभे राहिले. प्रचंड बहुमत समोर दिसत असूनही आपल्या उपसूचना मतविभागणीपर्यंत नेणाऱ्या तिघांचे, आणि ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या तेरा जणांचे, त्यांनी भाषणाच्या आरंभीच अभिनंदन केले. देश आंदोलनाच्या उंबरठ्यावर होता आणि सर्वांनी एका आवाजात बोलावे असा दबाव तेव्हा किती असेल, याची कल्पना करता येते. सत्याग्रहाच्या विचारात एकट्याच्या सदसद्विवेकाला जागा आहे. म्हणूनच गांधीजींना ते अभिनंदन करावे वाटले.

सर्वसहमतीची खरी कसोटी वर्धा परिसरातच लागली. भूदान-ग्रामदानाचे काम चालवणारा सर्व सेवा संघ सर्वसहमतीने निर्णय घेत असे. १९७४ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनाला साथ द्यावी की नाही, यावर संघात तीव्र मतभेद झाले. जुलैमधल्या वर्ध्याच्या अधिवेशनात विनोबांनी तोडगा सुचवला: सत्य, अहिंसा आणि संयम पाळून प्रत्येकाने आपल्याला पटेल ते काम करावे. तोडगा तात्पुरता टिकला. २५ डिसेंबर १९७४ पासून विनोबांनी वर्षभराचे मौन घेतले. मार्च १९७५ मध्ये पवनारच्या बैठकीत मतभेद मिटले नाहीत आणि संघ प्रत्यक्षात दुभंगला. बहुसंख्य कार्यकर्ते जयप्रकाशांच्या बाजूचे होते, पण बहुमताने निर्णय घेणे संघाच्या तत्त्वात बसत नव्हते. अल्पसंख्यांना तत्त्वाचे बळ होते, पण त्यांना संघ पुढे नेता येत नव्हता. असहमती नोंदवून सोबत राहण्याची जी सोय उपसूचना आणि मतविभागणी देतात, ती येथे नव्हती. दोन्ही बाजूंच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उणीव रीतीत होती.

उलट बाजूची उणीव संसदीय समित्यांत दिसते. वक्फ दुरुस्ती विधेयकासाठी नेमलेल्या ३१ सदस्यांच्या संयुक्त समितीने २७ जानेवारी २०२५ रोजी सत्ताधारी बाजूच्या १४ दुरुस्त्या स्वीकारल्या आणि विरोधकांच्या दुरुस्त्या १६ विरुद्ध १० मतांनी फेटाळल्या. मोजणी नियमाप्रमाणे झाली. पुढचा वाद भिन्नमतपत्रिकांवरून पेटला: त्यांतले काही भाग वगळल्याची तक्रार विरोधी सदस्यांनी केली आणि नंतर ते भाग अहवालाला जोडण्यात आले. धार्मिक मालमत्तेसारख्या विषयावर हरलेल्या बाजूचे म्हणणे जसेच्या तसे छापले जाणे ही किरकोळ बाब नाही. मत फेटाळता येते, पण त्याची नोंद गाळता येत नाही.

सर्वसहमती आणि रीत यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने केला आहे. ग्रामसभा तेथे सर्वसहमतीने निर्णय घेते, पण तिच्याबरोबर अभ्यासगट चालतो. अभ्यासगटात विषयाची माहिती घेतली जाते, शंका काढल्या जातात, बाहेरच्या जाणकारांना बोलावले जाते. निर्णय तेथे होत नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत होतो, आणि एकमत झाले नाही तर विषय पुढच्या सभेपर्यंत थांबतो. उपसूचना जे काम सभागृहात करते, त्यातले बरेचसे काम अभ्यासगट आधीच उरकतो: विरोध करणाऱ्याला निर्णयाच्या दडपणाशिवाय आपले शब्द मांडता येतात. १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखाली २०१३ मध्ये या गावाला ग्रामदानी गाव म्हणून मान्यता मिळाली. बाकी गावांत मात्र ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे हजर सदस्यांच्या बहुमतानेच ठराव होतात आणि समसमान मते पडली तर अध्यक्षाचे निर्णायक मत चालते. नालवाडीच्या पंचायतीलाही हाच नियम लागू आहे.