सेनिओकाठचं पाप-पुण्य

मी संगमनेरकडची, माळकरी घरातली. तरी आमच्याच तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांपुढे मनापासून हात जोडते. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. मराठा लाइट इन्फंट्रीचे हे शिपाई 23 वर्षांचे, कंपनीचे निरोप्ये. सोबतचे बहुतेक पडले. जाधवांनी एका जखमीला उचललं, छातीएवढ्या पाण्यातून, सुरुंग पेरलेल्या उभ्या बांधावरून सुरक्षित नेलं आणि दुसऱ्यासाठी पुन्हा त्याच गोळीबारात परतले. इथवर सगळं पुण्यच.

मग त्यांनी टॉमीगनने मशीनगनचं एक ठाणं संपवलं. हात जायबंदी झाल्यावर हातबॉम्बने आणखी दोन. पलीकडची माणसंही कुणाची तरी लेकरंच होती. अर्जुन अडला तो इथेच.

मारणं पुण्य नव्हे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तरी नव्हे. पण ती ठाणी धडधडत राहिली असती, तर मागून येणारी पोरं नदीतच मेली असती. तो भार जाधवांनी त्यांच्यासाठी अंगावर घेतला, असं मी मानते. युद्धानंतर ते जवळपास चार दशकं जगले. 1984 साली पुण्यात वारले. माळकऱ्यांनो, वारीत चालताना एक नमस्कार त्यांच्या नावानेही करा.